नाव ठेवणे आणि नाव काढणे

आपण मुलाचे नाव ठेवतो, त्याने पुढे घराण्याचे नाव काढावे अशी आशा बाळगतो, आणि दुसऱ्याला नावे ठेवण्यासही आपलीच भाषा मुभा देते. गौरव, अपेक्षा आणि निंदा ही तिन्ही एकाच शब्दाच्या आश्रयाने नांदतात, हे काही अकारण नव्हे. थोर पुरुषाचे नाव धारण केल्याने त्याचे पुण्य वारशाने मिळते काय? आणि पुण्य मिळत असेल, तर पापाचा वाटा नाकारता येईल काय? या प्रश्नाचा विचार करण्यास बाल्टिक समुद्राकाठच्या लिथुएनिया देशातील ‘वीताउतस’ हे नाव फार उपयोगी पडते.

प्राचीन लिथुएनियन नावे पुष्कळदा आपल्या सामासिक नावांसारखी दोन पदांची असतात. या नावातील उत्तरपद ‘ताउता’, म्हणजे लोक. त्याचा सर्वांत विख्यात धनी म्हणजे १४३० साली निवर्तलेला महान वीताउतस. चुलतभाऊ योगाइला पोलंडच्या गादीवर होता; दोघांनी मिळून १४१० मध्ये जर्मन धर्मयोद्ध्यांच्या ट्यूटॉनिक संघाचा निर्णायक पराभव केला. वीताउतसच्या कारकीर्दीत लिथुएनियाची सत्ता काळ्या समुद्राच्या किनाऱ्यापर्यंत पोहोचली.

परंतु चरित्राचे दुसरे पानही उलटले पाहिजे. १३८२ मध्ये त्याचा पिता कॅस्तूतिस याच योगाइलाच्या कैदेत मरण पावला. तेव्हा पुत्राने आश्रय घेतला तो पित्याच्या हाडवैऱ्यांचा, त्या ट्यूटॉनिक संघाचा. त्यांच्या साहाय्याचे मोल म्हणून १३८४ मध्ये त्याने जेमाइतिया हा स्वदेशाचा पश्चिम प्रांत त्यांना लिहून दिला. १३९८ च्या तहात तो पुन्हा एकदा देऊन टाकला. ज्याच्या नावातच ‘लोक’ आहेत, त्याने आपलेच लोक दोनदा शत्रूच्या हवाली केले!

आणि तरीही त्याच जेमाइतियातील एका खेड्यात १९२१ साली जन्मलेल्या मुलाचे नाव वीताउतस ठेवले गेले. तो कवी वीताउतस माचेर्निस. १९४४ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, तोफगोळ्याचा तुकडा लागून तो मृत्यू पावला. हस्तांतरित झालेल्या प्रजेच्या वंशजांनी राजाला क्षमा केली, असा याचा अर्थ करावा काय? मला तसे वाटत नाही. त्यांनी ते नाव राजाकडून काढून घेतले आणि त्यातील ‘लोक’ लोकांना परत दिले, असे म्हणणे अधिक न्याय्य होईल.

पोलंडमध्ये या नावाचे रूप ‘वितोल्द’ असे होते. वितोल्द पिलेत्स्की हा अधिकारी १९४० मध्ये स्वतःहून जर्मनांच्या हाती सापडला, तो आउशवित्झच्या छळछावणीत शिरून तिथली हकीकत बाहेर कळविण्यासाठी. १९४३ मध्ये तो तेथून निसटला. १९४८ मध्ये त्याच्याच देशाच्या साम्यवादी राजवटीने त्याला देहदंड दिला. संगीताचे अभ्यासक वीताउतस लान्ड्सबेर्गिस यांच्या वडिलांचेही नाव वीताउतसच होते. ११ मार्च १९९० रोजी लिथुएनियाने पुनश्च स्वातंत्र्य घोषित केले, तेव्हा तेथील सर्वोच्च परिषदेचे अध्यक्षपद या संगीतज्ञाकडे होते. यांपैकी कोणाचेही धैर्य पंधराव्या शतकातील राजाकडून आलेले नाही. ज्याचे त्यालाच ते जमवावे लागले.

पुण्य जर संक्रांत होत नाही, तर पापही होत नाही. पण म्हणून नाव धारण करणारा सर्वस्वी मोकळा होतो काय? १९३० मध्ये राजाची पाचशेवी पुण्यतिथी देशभर साजरी झाली आणि कौनास येथील विद्यापीठाला त्याचे नाव देण्यात आले. अशा उत्सवांत विजय आठवतात, तह विसरतात. येथेच नाव असत्याचे साधन बनण्याचा धोका असतो. ज्याला पूर्वजाच्या नावाचा अभिमान मिरवायचा आहे, त्याने त्याची संपूर्ण कथा सांगण्याचे दायित्वही पत्करले पाहिजे. अर्धी कथा सांगून मिळविलेला मान हा उसना मान होय.

‘ठेवणे’ या क्रियापदातूनच ‘ठेव’ हा शब्द आला आहे. नाव ही अशीच एक ठेव आहे. ती आपण मिळविलेली नसते, म्हणून तिच्यावर गर्व करू नये. आणि ती पुढच्यांच्या हाती द्यावयाची असते, म्हणून तिचा हिशेब खोटा लिहू नये.