लाभलेल्या आयुष्याचे ऋण

॥ श्री दाक्षायणी देवी प्रसन्न ॥



शिवनेच्या काठी आई दाक्षायणीच्या दर्शनास येणारा प्रत्येक जण मागणे घेऊनच येतो असे नाही. काही भक्त मिळालेले सांगण्यासाठी येतात. ओटी भरली जाते, नवस फेडला जातो, देवीपुढे मस्तक टेकून डोळे पुसले जातात. मूत्रपिंडाचे किंवा यकृताचे प्रत्यारोपण होऊन उठून बसलेल्या वडिलांना, आईला घेऊन देवदर्शनास निघालेली कुटुंबे आता लहान गावांतूनही आढळतात. एका पिढीपूर्वी हे दृश्य आपल्या भागात दुर्मीळ होते.

अशा घराने काय काय सोसलेले असते, हे त्या घरालाच ठाऊक. आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिसच्या वाऱ्या, रक्तगट जुळतो का याची धाकधूक, पैशांची जुळवाजुळव आणि शेवटी शस्त्रक्रियागृहाच्या बंद दाराबाहेर मोजलेले तास. त्या दाराबाहेर बसलेल्या माणसाच्या हाती नामस्मरणाशिवाय काही उरत नाही. म्हणून बरे वाटल्यावर प्रथम देव आठवणे स्वाभाविक आहे. परंतु कृतज्ञता व्यक्त करावयाची म्हणजे नेमके काय करावयाचे, याचा विचार शांतपणे होणे आवश्यक आहे.

या प्रश्नाचे उत्तर महाभारताच्या आदिपर्वातील एका कथेत सापडते. शुक्राचार्यांच्या शापाने राजा ययातीला अकाली वार्धक्य आले. कोणी आपले तारुण्य दिल्यास हे वार्धक्य त्याला देता येईल, एवढीच सवलत होती. राजाने पाचही पुत्रांना विचारले. यदू, तुर्वसू, द्रुह्यू आणि अनू या चौघांनी नकार दिला. सर्वांत धाकट्या पुरूने मात्र आपले तारुण्य पित्याच्या स्वाधीन केले. पुत्राने आपल्या देहातील सत्त्व पित्याला द्यावे, याचे इतके जुने उदाहरण अन्यत्र क्वचितच आढळेल.

पुरूची थोरवी सर्वजण गातात. पण या कथेत घेणाऱ्यासाठीही बोध आहे. ययातीने मिळालेले तारुण्य सहस्र वर्षे उपभोगात घालविले आणि अखेरीस, भोगाने वासना शमत नाही, हे त्याला उमगले. मग त्याने पुरूला तारुण्य परत दिले, राज्य दिले आणि वनाचा मार्ग धरला. आजच्या ययातीला मात्र घेतलेले परत करता येत नाही. मुलीने दिलेला यकृताचा भाग, पत्नीने दिलेले मूत्रपिंड पुन्हा तिच्या देहात जात नाही. परतफेड अशक्य असेल तेव्हा जतन हीच परतफेड होय.

आणि जे देऊ शकले नाहीत त्यांचे काय? ययातीने नकार देणाऱ्या पुत्रांना शाप दिले. परंतु त्याच यदूच्या वंशात पुढे भगवान श्रीकृष्णांचा अवतार झाला, हे विसरता कामा नये. पित्याने ज्याला दूर लोटले, त्याचा वंश देवाने आपला मानला. ज्या घरात एका भावाने अवयव दिला आणि दुसऱ्याला देता आला नाही, त्या घराने ही गोष्ट ध्यानी ठेवावी. कोणाचा रक्तगट जुळत नाही, कोणास मधुमेह असतो, कोणाच्या पदरी तान्हे मूल असते, तर कोणाला केवळ भीती वाटते. भीती वाटणे हे पाप नव्हे. दबावाने घेतलेले ते दान नव्हे. आपल्या देशाचा 1994 चा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदाही हेच सांगतो. दात्याची संमती स्वेच्छेची असली पाहिजे आणि अवयवाची खरेदी-विक्री हा गुन्हा आहे. जे विकत घेता येत नाही, त्याचे ऋण पैशाने फिटतही नाही.

येथे आणखी एक गोष्ट सांगणे प्राप्त आहे. भारतात जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत स्त्रियांची संख्या बरीच अधिक आहे. पत्नी देते, आई देते, बहीण देते. शस्त्रक्रियेनंतर पाहुणे येतात ते रुग्णाची विचारपूस करावयास. देणारीच्या पोटावरही टाके आहेत, तिलाही विश्रांती हवी आणि पुढेही नियमित तपासणी हवी, हे घर लवकर विसरते. देवीची ओटी भरण्यापूर्वी घरातल्या या देवीची काळजी घेतली जावी.

काही रुग्णांना अवयव मिळतो तो अनोळखी, मेंदुमृत व्यक्तीकडून. जानेवारी 2016 मध्ये त्या वेळच्या औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर शहरात, मराठवाड्यातील असे पहिले अवयवदान झाले. एका घरावर आकाश कोसळले असताना त्या घराने होकार दिला आणि एक हृदय विमानाने मुंबईस गेले. अशा एका दात्यामुळे आठ जणांपर्यंत जीवदान मिळू शकते.

अवयवाची वाट पाहणाऱ्या कुटुंबाच्या मनात येथे एक काटा सलतो. आपण वडिलांसाठी प्रार्थना केली, म्हणजे दुसऱ्या कोणाचा मृत्यू मागितला काय? नाही. मृत्यू कोणाच्या प्रार्थनेने आलेला नसतो. प्रार्थना असते ती एवढीच, की जे अटळपणे जावयाचे आहे, त्यातून कोणाचे तरी दुःख हलके व्हावे. दाक्षायणी म्हणजे दक्षकन्या सती. पतीचा अपमान सहन न होऊन तिने देहत्याग केला आणि तिच्या देहाचे भाग जेथे जेथे पडले तेथे तेथे शक्तिपीठे झाली, अशी पुराणकथा आहे. देह विभागला गेल्याने त्याचे पावित्र्य उणावत नाही, उलट अनेक ठिकाणी ते नांदते, असा अर्थ या कथेतून घेता येतो. म्हणून त्या अज्ञात दात्याचे नाव ठाऊक नसले तरी श्राद्धपक्षात त्याच्या नावे एक पान वाढावे, एक दिवा लावावा.

प्रत्येकाची प्रार्थना फळास येते असेही नाही. मराठवाड्याचे सुपुत्र, माजी मुख्यमंत्री विलासराव देशमुख यांचे 14 ऑगस्ट 2012 रोजी चेन्नई येथे प्रत्यारोपणाच्या प्रतीक्षेत असतानाच निधन झाले. लाखोंचा लोभ पाठीशी होता. तरीही वेळ टळली नाही. ज्यांचा माणूस वाचला त्यांची भक्ती मोठी आणि ज्यांचा गेला त्यांची उणी, असा हिशेब देवीच्या दारी नाही. ज्याचा माणूस वाचला, त्याने गर्व न करता नम्र व्हावे.

आता नेमाविषयी. प्रत्यारोपणानंतर शरीर नवा अवयव परका मानून नाकारू पाहते. ते टाळण्यासाठी टॅक्रोलिमससारखी औषधे ठरलेल्या वेळी, बहुधा आजन्म घ्यावी लागतात. बरे वाटू लागले म्हणून अथवा नवस फिटला म्हणून ती सोडणारा मनुष्य दात्याचे दान मातीमोल करतो. त्रिकाळ संध्या जशी चुकवू नये, तशी ही गोळी चुकवू नये. हेच त्याचे व्रत.

या औषधांनी रोगप्रतिकारशक्ती कमी राहते. म्हणून असे रुग्ण आणि त्यांचे कुटुंबीय यांना नम्र विनंती की, पहिल्या काही महिन्यांत तर दर्शनाची घाई करूच नये. पुढेही डॉक्टरांच्या अनुमतीनेच यावे, नवरात्रातील गर्दीचे दिवस टाळावेत व तोंडास मास्क लावावा. कच्च्या दुधाचे पंचामृत व उघडे तीर्थ प्राशन न करता मस्तकी लावावे. निर्जळी उपवास करू नये. पपनस या फळाने काही औषधांचे रक्तातील प्रमाण वाढते, म्हणून प्रसाद म्हणूनही ते घेऊ नये. स्वतः येणे शक्य नसल्यास घरातील अन्य व्यक्तीने ओटी भरावी. आई लेकराच्या प्रकृतीपेक्षा आपला मान मोठा मानीत नाही.

शेवटी एक मागणे. ज्यांना मिळाले, त्यांच्या घरातील सुदृढ माणसांनी अवयवदानाचा संकल्प करावा आणि तो घरच्यांना स्पष्टपणे सांगून ठेवावा. कारण प्रसंग येतो तेव्हा संमती घरच्यांनाच द्यावी लागते. देव, ऋषी व पितर यांच्याबरोबरच मनुष्यमात्राचेही ऋण महाभारताने सांगितले आहे. हे चौथे ऋण फेडण्याचा याहून सोपा मार्ग नाही.

आई दाक्षायणी सर्व रुग्णांना आरोग्य, दात्यांना दीर्घायुष्य आणि वियोग सोसलेल्या घरांना धीर देवो.

॥ शुभं भवतु ॥