विहार किती?

आज गीतेचा सहावा अध्याय, श्लोक १७. खाणं, फिरणं, काम, झोप, जागणं हे सगळं बेतानं करणाऱ्याचाच योग दुःख दूर करतो, असं भगवंत अर्जुनाला सांगतात. आमचं आठ महिने नुसतं जागरण! आजी-आजोबा सांगलीला, आम्ही बेंगळुरूत.

शनिवारी समोरच्या कन्नड अज्जी म्हणाल्या, बाळ माझ्याकडे ठेवा, दोघं जाऊन या. रात्री मल्लेश्वरमला डोसा खायला गेलो. बायको कित्येक दिवसांनी मनापासून हसत होती. आणि मी? ऑन-कॉल असल्यासारखा दर पाच मिनिटांनी फोन बघत होतो.

"अरे, तू इथे आहेस का?" ती म्हणाली. चर्र झालं.

बाळाला सोडून मजा करणं स्वार्थ आहे का, हे डोक्यात घोळत होतं. त्या नादात समोरच्या माणसालाच सोडलं होतं. याला मी माया समजत होतो. खरं तर अज्जींवर विश्वास नव्हता. श्लोकात 'विहार' कामाच्या आधी येतो, इतक्यांदा वाचून कधी जाणवलंच नाही. (आमच्यासारख्या आयटीवाल्यांना कसं जाणवणार म्हणा!) रिंग मोठी करून फोन तिच्या पर्समध्ये टाकला. अजून एक कॉफी मागवली.

परतलो तर बाळ गाढ झोपलेलं. अज्जींनी हळूच विचारलं, "ऊट आय्ता?" जेवलात का, एवढंच.