भरताला बोललेलं रामाला लागतं



आजचं वाचन वाल्मीकि रामायणातल्या अयोध्याकांडातलं आहे. भरत रामाला परत आणायला चित्रकूटाकडे निघालाय, तो भाग. ही गोष्ट आपल्याला लहानपणापासून ठाऊक असते, म्हणून वाचताना आपण पटकन भरतभेटीवर आणि पादुकांवर पोचतो. आज थोडं आधी थांबू. भेट होण्यापूर्वी वाटेत ज्यांनी भरताला पाहिलं, त्यांच्या मनात काय आलं, एवढंच आज बघायचंय.

राज्याभिषेक रामाचा ठरला होता. एका रात्रीत निर्णय फिरला आणि गादी भरताच्या नावावर झाली. हे सगळं घडलं तेव्हा भरत अयोध्येत नव्हताच, तो मामाकडे होता. परत आला तेव्हा वडील गेलेले, भाऊ वनात आणि स्वतःच्या माथ्यावर न मागितलेलं राज्य. कौसल्यामाईसुद्धा त्याला आधी बोचरंच बोलते. आई आहे ती, तिचा मुलगा वनात गेलाय. भरताने शपथांवर शपथा घेतल्या तेव्हा कुठे तिने त्याला जवळ घेतलं.

मग गंगाकाठ येतो. निषादांचा राजा गुह एवढं मोठं सैन्य बघतो आणि त्याच्या मनात शंका येते, हा रामाचा काटा काढायला तर निघाला नाही ना? तो पाचशे नावा सज्ज ठेवतो, प्रत्येकीवर शंभर शंभर जवान. पण त्यानंतर तो जे करतो ते महत्त्वाचं. स्वतः भेटी घेऊन भरताकडे जातो आणि तोंडावर विचारतो, तुमच्या मनात रामाबद्दल काही वाकडं तर नाही ना? भरत उत्तर देतो, गुहाचं समाधान होतं आणि सैन्य अडवायला ठेवलेल्या नावाच पुढे सैन्याला पैलतीरी नेतात.

पुढे चित्रकूट. जंगलात धुरळा उठलाय, जनावरं पळतायत. लक्ष्मण एका फुललेल्या साल वृक्षावर चढून बघतो. त्याला रथावरचा ध्वज दिसतो, कोविदार वृक्षाचं चिन्ह असलेला, अयोध्येचा. झालं! तेवढ्यावरून तो ठरवून टाकतो की भरत आपल्याला मारायला आलाय, आज मी त्याला सोडत नाही.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. कौसल्या, गुह, लक्ष्मण ही काही वाईट माणसं नाहीत. रामावर जीव ओवाळून टाकणारी माणसं आहेत. भरतावर राग धरणारा प्रत्येक जण रामाच्या प्रेमातच राग धरतोय. म्हणून हा भाग आपल्यासारख्या भक्त म्हणवणाऱ्यांसाठी जास्त अवघड आहे.

हे वाचताना मला 2024 चं वानखेडे आठवलं. हसू नका, सांगतो.

हार्दिक पंड्या 2015 पासून मुंबई इंडियन्सचा. इथेच मोठा झाला, चार विजेतेपदांमध्ये संघात होता. पुढे गुजरात टायटन्सचा कर्णधार झाला, 2022 मध्ये पहिल्याच हंगामात त्यांना जिंकून दिलं, 2023 मध्ये अंतिम फेरीपर्यंत नेलं. नोव्हेंबर 2023 मध्ये तो मुंबईत परतला आणि 15 डिसेंबरला जाहीर झालं की आता कर्णधार तोच. म्हणजे ज्या रोहित शर्माच्या हाताखाली मुंबईने पाच वेळा चषक उचलला, त्याच्या जागी. पुढे काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलं. अहमदाबादमध्ये हुर्यो उडवली गेली, ती एकवेळ समजू शकतो, तो त्यांना सोडून आला होता. पण 1 एप्रिलला वानखेडेवर, घरच्या मैदानावर, नाणेफेकीलाच आपल्याच कर्णधाराची हुर्यो! इतकी, की सूत्रसंचालन करणाऱ्या संजय मांजरेकरांना प्रेक्षकांना नीट वागा म्हणून सांगावं लागलं. त्या दिवशी मुंबईच्या 125 धावांत सर्वाधिक 34 हार्दिकच्याच होत्या. ते किती जणांच्या लक्षात आहे?

कर्जत लोकलच्या डब्यात त्या दिवसांत उघड दोन तट होते. एक गट म्हणायचा गद्दार. दुसरा म्हणायचा, अरे खेळ आहे, व्यवसाय आहे, तुम्हीही पगार वाढला की कंपनी बदलताच ना? दोघांच्याही स्टेटसवर रोज नवीन बाण. बदलापूर येईपर्यंत आवाज चढलेले, आणि कर्जतला उतरताना एकमेकांकडे न बघता जिना चढणारे जुने मित्र मी पाहिलेत.

आमच्या धंद्यात सिस्टीम पडली तर आधी लॉग बघतात, मग कुणाचं चुकलं ते बोलतात. इथे लॉग काय सांगतो? 2022 च्या मोठ्या लिलावाआधी प्रत्येक जुन्या संघाला चारच खेळाडू राखता येत होते. मुंबईने रोहित, बुमराह, सूर्यकुमार आणि पोलार्ड यांना राखलं. हार्दिक त्या चारांत नव्हता. मग सोडून नेमकं कोण कुणाला गेलं? आणि कर्णधार बदलण्याचा निर्णय व्यवस्थापनाचा. पण व्यवस्थापन मैदानावर उभं नसतं. मैदानावर जो उभा असतो, ज्याची जर्सी दिसते, त्याच्यावर सगळं येतं. लक्ष्मणानेही ध्वजच पाहिला होता ना?

उपमा मी इथेच थांबवतो. हार्दिक म्हणजे भरत नव्हे. भरताने राज्य घेतलंच नाही, हार्दिकने कर्णधारपद घेतलं. रोहित उत्तम खेळाडू आहे, देव नाही. या दोघांची तुलना रामायणाशी करायची नाहीये. तुलना करायची आहे ती आपली, काठावर उभं राहून बघणाऱ्यांची. आपण गुह होतो की झाडावर चढलेला लक्ष्मण?

आता मूळ वाचनाकडे. लक्ष्मणाचा संताप ऐकून राम काय म्हणतो? तो आधी सांगतो की भरत प्रेमापोटीच आला असणार. मग म्हणतो, भरताला कठोर बोलू नकोस, त्याला लागेल असं काही बोललास तर ते मलाच बोलल्यासारखं आहे. आणि त्याच्याही पुढे जाऊन एक वाक्य असं बोलतो की लक्ष्मण लाजेने अंग चोरून उभा राहतो. अर्थ असा, की हे सगळं तू राज्यासाठी बोलत असशील तर भरत भेटला की मी त्याला सांगतो, राज्य लक्ष्मणाला देऊन टाक. तो नाही म्हणणार नाही.

केवढं टोकदार आहे हे! लक्ष्मणाला राज्य नकोच होतं, रामाला ते पक्कं माहीत आहे. पण राम त्याला त्याच्या रागाच्या मुळाशी नेऊन सोडतो. बाबा रे, हा राग नक्की कुणासाठी? माझ्यासाठी म्हणतोस, पण मला तर तो नकोय. मग तो कुणाचा?

वानखेडेवर त्याच सामन्यात रोहितने सीमारेषेजवळून हाताने खूण करून प्रेक्षकांना शांत राहायला सांगितलं. दहा दिवसांनी बंगळुरूचा संघ आला तेव्हा विराट कोहलीनेही तेच केलं. ज्याच्या नावाने हुर्यो चालली होती तोच नको म्हणत होता. ज्याच्यासाठी भांडतो त्याचंच ऐकायला थांबत नसू, तर मंडळी, ते भांडण त्याच्यासाठी उरलेलं नसतं. ते आपल्या ‘माझा’ साठी असतं. माझा संघ, माझा कर्णधार, माझा राग.

कुणी म्हणेल, नंतर आम्ही माफ केलं की! हो. 29 जून 2024, बार्बाडोस, विश्वचषकाची अंतिम लढत. शेवटच्या षटकात दक्षिण आफ्रिकेला 16 धावा हव्या होत्या आणि चेंडू हार्दिकच्या हातात होता. पहिल्याच चेंडूवर सूर्यकुमारने सीमारेषेवर मिलरचा तो झेल घेतला, भारत 7 धावांनी जिंकला आणि हार्दिक मैदानातच रडला. 4 जुलैला मरीन ड्राइव्हवर माणसांचा समुद्र होता. त्याच वानखेडेवर रोहितने त्या शेवटच्या षटकाचं कौतुक केलं आणि स्टेडियम हार्दिकच्या नावाने दुमदुमलं. मलाही ते पाहून भरून आलं.

पण शांतपणे विचार करा. तो झेल सीमारेषेपलीकडे पडला असता तर? 4 जुलैचा जल्लोष गोडच होता, पण त्याला क्षमा म्हणता येईल का? तो निकालाला मिळालेला जल्लोष होता. रामाने भरतावर विश्वास ठेवला तो भरत पोचण्याआधी, काही सिद्ध होण्याआधी. हा फरक फार मोठा आहे. जिंकल्यावर जवळ घेणं कुणालाही जमतं.

गीतेच्या 12 व्या अध्यायात भगवंत भक्ताची लक्षणं सांगतात. 13 व्या श्लोकात पहिलं लक्षण कोणतं येतं? खूप नामस्मरण करणारा, खूप उपवास करणारा असं नाही. कुणाचाही द्वेष न करणारा, हे पहिलं. मैत्री आणि करुणा त्यानंतर येतात. म्हणजे ज्या प्रेमाला टिकून राहायला एक शत्रू लागतो, ते अजून भक्तीच्या दारातही आलेलं नाही.

हे सगळं आज का लिहितोय, तेही सांगतो. आमच्या कशेळ्यात भात निघालं की शेतातली धसकटं काढून पीच तयार होतं आणि टेनिस बॉलचे सामने सुरू होतात. दोन वर्षांपूर्वी आमच्या संघातला एक चांगला गोलंदाज दुसऱ्या गावाकडून खेळायला गेला. तिथे पैसे मिळत होते. गेल्या हंगामात त्याच संघाकडून आम्ही हरलो आणि आमचे दोन गडी त्यानेच काढले. आता तो म्हणतोय, मला परत आपल्या गावाकडून खेळायचंय. संघात उभी फूट पडलीये. नाक्यावर चहा प्यायला दोन वेगळ्या टपऱ्या झाल्यात. दोन सख्खे चुलत भाऊ या विषयावरून एकमेकांशी बोलत नाहीत आणि त्यांच्या आया मात्र एकाच खळ्यावर काम करतायत. रविवारी देवळात बैठक आहे. वयाने मोठा म्हणून मलाही बोलावलंय.

त्याला घ्या किंवा घेऊ नका, हे मी सांगणार नाही. जो पोरगा दोन वर्षं त्याच्या जागी इमानाने खेळला, त्याचाही प्रश्न खरा आहे. त्याच्या जागेचं काय, हे विचारणं म्हणजे द्वेष नव्हे. लक्ष्मणाचं दुःखही खोटं नव्हतं आणि रामाने त्याला दूर केलं नाही. दुःख करायला हरकत नाही, पण त्या दुःखातून माणसाची विटंबना करायची नाही. मी बैठकीत एकच गोष्ट विचारणार आहे. तू का गेला होतास, हे त्याला आपल्यापैकी कुणी समोर बसून विचारलंय का? मी चौकशी केली. आजपर्यंत एकानेही विचारलेलं नाही. दोन वर्षं गावभर त्याच्याबद्दल बोलणं चाललंय, त्याच्याशी नाही.

गुहाकडे पाचशे नावा होत्या, तरी तो आधी विचारायला गेला. आपल्याकडे तर फक्त एक फोन आहे.

आजचा संकल्प छोटा आहे. ज्याच्याबद्दल आपण ‘गद्दार’, ‘पलटी मारली’, ‘आता आला का परत’ असं काही बोललोय, असं एक नाव मनात आणा. ऑफिसमधलं असेल, घरातलं असेल, मित्रांमधलं असेल. आज त्याच्याबद्दल कुणाशीही काही बोलायचं नाही. जमलं तर थेट त्याच्याशीच बोलायचं. आणि जीभ वळवळलीच, तर रामाचं म्हणणं आठवायचं, की याला बोललेलं मला लागतं.

उद्या पादुकांकडे जाऊ.

राम कृष्ण हरी!