मत आपले, पक्ष कोणाचा?

21 ऑक्टोबर 2019 रोजी महाराष्ट्रात ज्याने शिवसेनेला मत दिले, त्याच्या मताचा पुढचा प्रवास एकदा क्रमाने मांडून पाहावा. मत दिले तेव्हा शिवसेना भाजपबरोबर युतीत होती. 28 नोव्हेंबरला ती काँग्रेस आणि राष्ट्रवादीच्या साथीने सत्तेवर आली. जून 2022 मध्ये पक्ष फुटला आणि आमदारांचा मोठा गट पुन्हा भाजपकडे गेला. 17 फेब्रुवारी 2023 ला निवडणूक आयोगाने पक्षाचे नाव आणि धनुष्यबाण याच गटाला दिले. राष्ट्रवादीच्या मतदाराच्या वाट्यालाही हेच आले: आधी 2019 मधला पहाटेचा शपथविधी, मग 2 जुलै 2023 ची फूट, मग फेब्रुवारी 2024 मध्ये घड्याळ या पक्षचिन्हाचा निवाडा. एकाच विधानसभेने तीन मुख्यमंत्री पाहिले. प्रत्येक वळणावर निर्णय कधी आमदारांनी, कधी आयोगाने, कधी विधानसभा अध्यक्षांनी घेतला. ज्याच्या मतावर हे सगळे उभे होते, त्याला कोणीही विचारले नाही.

म्हणून आज कोणत्याही पारावर, एसटीत, लग्नाच्या पंगतीत राजकारणाचा विषय निघाला की ‘सगळे सारखेच’ हे वाक्य ऐकू येते. त्याला उदासीनता म्हणून बाजूला सारणे अन्यायाचे आहे. उदासीन माणूस घरी बसतो, पण राज्यात 2019 च्या विधानसभेला सुमारे 61 टक्के मतदान झाले होते आणि एवढ्या फाटाफुटीनंतर 2024 ला ते सुमारे 66 टक्क्यांवर गेले. लोक मतदान केंद्राकडे पाठ फिरवत नाहीत. ते पक्षाला आपला म्हणेनासे झाले आहेत. विचाराची जागा गटाने घेतली आहे: आम्ही आबांचे, तुम्ही तात्यांचे. नेता जिकडे गेला तिकडे गटही जातो, आणि गटात नसलेला मतदार उघड्यावर पडतो.

अशा मतदारासाठी ‘नोटा’ आहे, असे सांगितले जाते. सर्वोच्च न्यायालयाच्या 2013 च्या निकालाने हे बटण मिळाले. पण विधानसभा किंवा लोकसभेला नोटाला कितीही मते पडली, तरी उरलेल्यांतला पहिला उमेदवार निवडून येतोच. 2019 ला लातूर ग्रामीणमध्ये नोटाला 27 हजारांहून अधिक मते पडून ते दुसऱ्या क्रमांकावर राहिले. ती जागा युतीत शिवसेनेकडे गेली म्हणून भाजपचे स्थानिक कार्यकर्ते नाराज होते, हे तेव्हा उघडपणे बोलले जात होते. तसे असेल तर त्या हजारोंतल्या अनेकांना पक्ष हवा होता, पण यंत्रावर तो सापडला नाही. नोटा राग मोजते, त्या रागाला वाट मात्र देत नाही.

पक्षांतरबंदी कायद्याचेही तसेच आहे. 1985 मध्ये 52 व्या घटनादुरुस्तीने दहावे परिशिष्ट आले. 2003 मध्ये एक तृतीयांश फुटीची पळवाट बंद झाली, दोन तृतीयांशांच्या विलीनीकरणाची मात्र राहिली. गोव्यात 2019 मध्ये काँग्रेसचे 15 पैकी 10 आमदार याच वाटेने भाजपमध्ये गेले. 2022 च्या निवडणुकीआधी काँग्रेसने उमेदवारांना मंदिरात, क्रॉसपुढे आणि दर्ग्यात नेऊन पक्षनिष्ठेच्या शपथा दिल्या. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये 11 पैकी 8 आमदार निघून गेले. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने 11 मे 2023 च्या निकालात राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावणे चुकीचे ठरवले, पण मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी आधीच राजीनामा दिल्यामुळे जुने सरकार परत आणता येत नव्हते. जानेवारी 2024 मध्ये विधानसभा अध्यक्षांनी शिवसेनेच्या दोन्ही गटांतल्या कोणालाही अपात्र ठरवले नाही. या कायद्याच्या नजरेत आमदार आहे, पक्ष आहे, व्हिप आहे. मतदार त्यात कुठेच नाही.

माझे म्हणणे असे की हतबलतेचे खरे मूळ निकालानंतरच्या फोडाफोडीत नसून मतदानाच्या आधीच्या दिवसांत आहे. उमेदवारी अर्ज भरण्याची मुदत संपत येते, मुंबई-दिल्लीत याद्या अडतात, आणि शेवटच्या क्षणी कोणाच्या तरी हाती पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचा एबी फॉर्म पडतो. मतदारसंघातल्या लाखो माणसांपुढे कोण उभा राहणार, हे तिथे ठरते. वीस वर्षे सतरंज्या उचललेल्या कार्यकर्त्याला ते वर्तमानपत्रातून कळते. ज्याची उमेदवारी वरून आली, त्याची निष्ठाही वरच राहणार. वरचा माणूस बदलला की तोही बदलणार. खाली कोणी त्याला निवडलेलेच नसते, तर तो खाली विचारायला येईल कशासाठी?

पक्षाशी नाते असे नसते, हे या मातीने पाहिलेले आहे. 1920 च्या नागपूर अधिवेशनात काँग्रेसने चार आणे वर्गणीचे सभासदत्व आणले, आणि गावातला साधा माणूस आपला प्रतिनिधी वर पाठवू लागला. सांगोल्याने गणपतराव देशमुखांना अकरा वेळा निवडून दिले, तेही शेतकरी कामगार पक्ष या एकाच पक्षातून. त्याच सांगोल्याने त्यांना 1972 आणि 1995 मध्ये पाडलेही. पराभवानंतर त्यांनी पक्ष बदलला नाही, आणि लोकांनी त्यांना पुन्हा विधानसभेत पाठवले. बांधिलकी दोन्ही बाजूंनी असली की ती पराभवातही टिकते.

ती परत आणायची तर उमेदवार ठरवण्याचा हक्क सभासदांना कायद्याने मिळाला पाहिजे. जर्मनीच्या राज्यघटनेत 1949 पासून पक्षांचा अंतर्गत कारभार लोकशाही तत्त्वांनुसार असावा अशी अट आहे, आणि तिथे मतदारसंघातला उमेदवार सभासद किंवा त्यांचे प्रतिनिधी गुप्त मतदानाने ठरवतात. आपल्या विधी आयोगाने 1999 च्या 170 व्या अहवालात पक्षांतर्गत लोकशाहीसाठी कायद्याची शिफारस केली होती. सत्तेवर आलेल्या कोणत्याही पक्षाने ती अमलात आणलेली नाही. 2014 च्या लोकसभेआधी काँग्रेसने मोजक्या मतदारसंघांत पक्षांतर्गत मतदान घेऊन उमेदवार ठरवले, त्यांत वर्धा आणि लातूरही होते. मतदानाचा हक्क पदाधिकाऱ्यांपुरता राहिला, आणि तो प्रयोग रुजला नाही.

यावर आक्षेप ठरलेला आहे: सभासद विकत घेतले जातील, घराणी यादीच ताब्यात घेतील. साखर कारखान्यांत आणि सहकारी बँकांत बोगस सभासद पाहिलेल्या महाराष्ट्राला ही भीती खोटी वाटणार नाही. पण त्याच सहकारात सभासदांनी मुरलेली पॅनेल पाडल्याचीही उदाहरणे आहेत. यादी असली की तिच्यावर हरकत घेता येते, निवडणूक असली की ती लढवता येते. बंद खोलीत ठरलेल्या नावावर हरकत घ्यायची कुठे?

कायदा येईपर्यंत आपण काय करायचे? पक्षापासून दूर राहणे म्हणजे स्वच्छ राहणे, ही सुशिक्षित मध्यमवर्गाची समजूत सोडली पाहिजे. ज्या पक्षाचा विचार आपल्याला सर्वांत जवळचा वाटतो, त्याचे सभासद व्हावे आणि अट घालून व्हावे. शाखेत, तालुक्याच्या बैठकीत जाऊन विचारावे: या वेळी उमेदवार कोण ठरवणार, आणि त्यात आम्ही कुठे आहोत? तो उद्या पक्ष सोडून गेला, तर राजीनामा देऊन पुन्हा आमच्याकडे मत मागायला येईल का? हे अर्ज भरण्याआधी विचारावे, लेखी विचारावे, आणि दहा जणांनी मिळून विचारावे. उत्तर मिळाले नाही तर सभासदत्व मोडण्याचा हक्क आपला आहेच. पक्ष वर बसलेल्यांच्या हाती सोडून देण्याचा हक्क मात्र आपल्याला नाही, कारण उद्याचे सरकार त्याच पक्षांतून येणार आहे आणि ते आपल्यावरच राज्य करणार आहे.