डावाला नाव कोण देतं?

लातूर जिल्ह्यातल्या एका गावच्या तालमीत बसलो होतो. माती नुकतीच उकरलेली, तेल-ताक-हळद मुरल्याचा तिचा वास सगळीकडे भरलेला. दहा-अकरा वर्षांचा एक नवा पोरगा धोबीपछाड शिकत होता आणि त्याला तो जमत नव्हता. जोडीदाराचा हात तो नीट धरायचा, ओढायचाही जोरात, पण ओढताना तोंड जोडीदाराकडेच ठेवायचा. जोडीदार जागचा हलत नव्हता. वस्तादांनी त्याला थांबवलं आणि विचारलं, "धोबी कपडा कसा मारतो, बघितलास का रे कधी?" पोरानं नाही म्हणून मान हलवली.

वस्ताद त्याला बाहेर घेऊन गेले. पाण्याच्या टाकीशेजारी एक सपाट दगड होता. ओल्या पंचाचं टोक त्यांनी दोन्ही मुठींत धरलं, गुडघे जरा वाकवले, पंचा खांद्यावरून पाठीमागं जाऊ दिला आणि कमरेतून वाकत दगडावर आणला. आवाज तालमीच्या भिंतीवर आदळला. "कपडा कुठं होता?" "पाठीमागं." "आन् तोंड कुठं होतं?" "दगडाकडं." "मग जोडीदार म्हंजे कपडा. त्याच्याकडं पाठ कर." पोरगा आत आला, हात धरला, गर्रकन वळला, कमर खाली घातली आणि जोडीदार त्याच्या खांद्यावरून मातीत आला. पहिल्याच खेपेला.

त्या दिवसापासून मी डावांच्या नावांकडे वेगळ्या नजरेनं बघतो. धोबीपछाड हे नाव म्हणजे त्या डावाची पाच अक्षरांत बांधलेली शिकवणी आहे. पाठ कुणाकडे, वजन कुठे, जोर कुठून, सगळं त्यात आलं. पोराला ती शिकवणी उघडता येत नव्हती, कारण त्यानं धोबी पाहिला नव्हता. वस्तादांनी डाव पुन्हा करून दाखवला नाही, त्यांनी नाव करून दाखवलं. ते पुरलं.

कुस्तीच्या डावांची नावं अशीच आहेत. बगलडूब म्हणजे समोरच्याच्या बगलेखालून बुडी मारून मागं निघायचं. मच्छीगोता म्हणजे माशासारखा सूर. मोळी म्हणजे लाकडं आवळून बांधावीत तसा माणूस आवळायचा. घिस्सा घिसण्यातून आला. एकेरी पट, दुहेरी पट, आतली टांग, बाहेरली टांग ही नावं तर थेट हातापायांचा हिशोब सांगतात. यांतलं एकही नाव कुणा पैलवानाचं नाही, की गावाचं नाही. कुणीतरी पहिल्यांदा हा डाव टाकला असेल आणि त्याचं गाव कोणतं तरी असणारच. पण फडाच्या कडेला बसलेल्यांनी करणाऱ्याचं नाव लक्षात ठेवलं नाही, केलं काय ते ठेवलं. आपल्याकडे परीट हा शब्द असताना डाव मात्र धोबीपछाड म्हणूनच रुळला. हा शब्द मराठवाड्यानं आपलासा केला. आणि ज्या परटाला गावगाड्यात मान खाली घालून वागावं लागलं, त्याच्या अंगातलं कसब पैलवानानं गुरुस्थानी मानलं, हेही त्या नावात कोरलेलं राहिलं.

एकेका डावाच्या वरची, सगळ्या खेळण्याच्या पद्धतीची नावंही आहेत. ताकदीवर खेळणारी ती भीमसेनी, युक्तीवर खेळणारी ती हनुमंती, सांधे आणि बंध आवळून समोरच्याला जखडणारी ती जांबुवंती, हातपाय मोडायला निघालेली ती जरासंधी. पैलवान कोणता डाव टाकेल हे सांगता येत नाही, पण तो कोणत्या वृत्तीनं लढतो हे सांगता येतं, आणि त्यासाठी भाषेनं महाभारत-रामायणातली माणसं उसनी घेतली. हे नामकरण आपल्या मुलुखाला नवं नाही. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या 'मानसोल्लास' या बाराव्या शतकातल्या ग्रंथात मल्लविनोदाचा स्वतंत्र भाग आहे, मल्लांची प्रतवारी आहे, त्यांचा आहार आणि मेहनत आहे. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, लातूरला लागून असलेल्या बीदर जिल्ह्यातलं. कुस्ती नुसती खेळायची नाही, तिला शब्द द्यायचे, हे या पट्ट्यात नऊशे वर्षांपूर्वी राजाला महत्त्वाचं वाटलं होतं.

मराठीत पत्त्यांचाही डाव असतो आणि कुस्तीचाही. म्हणून या नावांचा विचार करताना मला पत्त्यांच्या एका अगदी वेगळ्या खेळाची मदत झाली. १९९३ साली अमेरिकेत रिचर्ड गारफिल्ड या गणितज्ञानं 'मॅजिक : द गॅदरिंग' हा खेळ काढला. आपल्या घरातली मुलं पोकेमॉनची कार्डं जमवतात, तो त्याच घराण्यातला. यात बावन्न पत्त्यांचा ठरलेला कॅट नसतो. हजारो कार्डांतून स्वतःची निदान साठ कार्डं निवडून प्रत्येकानं आपला कॅट बांधायचा असतो. त्याला ते डेक म्हणतात. स्पर्धेत एखादा डेक जिंकला की दुसरे तो उचलतात आणि मग त्याला नाव लागतं. कधी तो काय करतो यावरून : समोरच्याला नुसतं भाजून काढणारा तो 'बर्न'. कधी लहानपणीच्या कार्टूनवरून : तीन भाग जुळून एक प्रचंड शक्ती तयार होते, म्हणून 'व्होल्ट्रॉन' या जोडून बनणाऱ्या यंत्रमानवावरून 'ट्रॉन'. कधी खेळातल्या काल्पनिक मुलुखावरून, जसा 'जुंड'. आणि कधी माणसावरून.

माणसावरून पडलेल्या नावाची गोष्ट शिकण्यासारखी आहे. १९९६ मध्ये अटलांटाच्या एका पात्रता स्पर्धेत पॉल स्लाय नावाचा खेळाडू दुसरा आला. त्याच्याकडे लाल रंगाची स्वस्त, दुबळी, कुणी ढुंकूनही न पाहिलेली कार्डं होती. पण ती अशा हिशोबानं बांधलेली होती की पहिल्या फेरीला एक, दुसरीला दोन, अशी प्रत्येक फेरीत हातातली सगळी ताकद खर्ची पडावी आणि एकही फेरी वाया जाऊ नये. महागडी कार्डं बाळगणारे खेळाडू आपली मोठी खेळी येण्याची वाट पाहत बसायचे आणि तोवर हरलेले असायचे. या डेकला 'स्लाय' हे नाव पडलं. तो रचला होता मात्र जे श्नायडर या दुसऱ्याच माणसानं. खेळणाऱ्याचं नाव लागलं, रचणाऱ्याचं राहून गेलं. आज ते नावही मागं पडत चाललंय. पण फेरी वाया न घालवण्याच्या त्या हिशोबाला खेळाडू 'कर्व्ह', म्हणजे चढती कमान, असं म्हणू लागले, आणि तो शब्द आजही जगभरच्या प्रत्येक नवशिक्याला पहिल्या आठवड्यात शिकवला जातो. माणसाच्या नावाचा डाव विरत गेला, कृतीच्या नावाचा टिकला.

हे वाचताना मला लातूर आठवत राहिलं. कारण स्वस्त कार्डं, कडक हिशोब आणि एकही दिवस वाया न घालवणं हीच तर 'लातूर पॅटर्न'ची मूळ रचना होती.

मराठवाड्यातल्या मुलाच्या हातात कार्डं कमीच होती. वैद्यकीय प्रवेशात ज्या विभागातलं महाविद्यालय, त्याच विभागातल्या मुलांना सत्तर टक्के जागा असं सूत्र होतं. मराठवाड्यात महाविद्यालयंच कमी, म्हणून इथल्या मुलाची वाट अरुंद. ते सूत्र रद्द व्हायला सप्टेंबर २०२० उजाडावं लागलं. अशा स्थितीत लातूरच्या राजर्षी शाहू आणि दयानंद या महाविद्यालयांनी बारावीची तयारी हा शिस्तीचा विषय केला. अभ्यासक्रम लवकर संपवायचा, दर आठवड्याला चाचणी घ्यायची, उत्तरपत्रिका तपासून मुलाच्या हातात परत द्यायची, चुकलेलं पुन्हा लिहून घ्यायचं, जुन्या प्रश्नपत्रिका सोडवायच्या आणि शिक्षकानं संध्याकाळीही वर्गात असायचं. शाहू महाविद्यालयाचे प्राचार्य जनार्दन वाघमारे पुढे नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. बोर्डाच्या गुणवत्ता यादीत लातूरची नावं वर्षामागून वर्षं झळकू लागली. वर्तमानपत्रांत, पालकांच्या बोलण्यात, एसटीतल्या गप्पांत या सगळ्याला एक नाव रुळलं : लातूर पॅटर्न.

हे नाव गावाचं आहे आणि त्यानं लातूरला जे दिलं ते मी कमी लेखणार नाही. बाहेरच्या माणसाला लातूर म्हटलं की ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप आठवायचा, नंतर २०१६ मध्ये मिरजेहून आलेली पाण्याची रेल्वे आठवायची. आपत्तीखेरीज दुसऱ्या कशानं तरी आपलं गाव ओळखलं जावं, ही भूक काय असते ते कोरडवाहू मुलखातल्या माणसाला सांगावं लागत नाही. पॅटर्ननं ती भागवली.

पण गावाच्या नावात कृती नाही. 'लातूर पॅटर्न' असं म्हटल्यावर नेमकं काय करायचं ते त्या दोन शब्दांतून कळत नाही. सरावाची चाचणी, परत मिळालेली उत्तरपत्रिका, संध्याकाळी थांबलेला शिक्षक, यांतलं काहीही त्यात दिसत नाही. परीक्षा बदलल्या. बोर्डाच्या गुणांचं महत्त्व गेलं, सीईटी आली, मग नीट आली. लिहून उत्तर देण्याऐवजी चारांतला पर्याय निवडणं आलं. आतली सगळी कार्डं बदलली, कॅटवरचं नाव तेच राहिलं. लातूरच्या ट्यूशन एरियात किंवा नांदेडच्या भाग्यनगर भागात एक फेरी मारा. गुणवंतांच्या फोटोंच्या फलकांनी इमारती झाकल्या आहेत. आता 'नांदेड पॅटर्न'ही ऐकू येतो. एखाद्या फलकावर 'पॅटर्न' हा शब्द दिसला तर आत दर आठवड्याला तपासलेला पेपर मिळतो की दोनशे पोरांसमोर माईकवरून व्याख्यान होतं, हे त्यावरून कळायला मार्ग नाही. गावाचं नाव कुणालाही लावता येतं. धोबीपछाड हे नाव मात्र ज्याला पाठ वळवता येत नाही त्याला लावता येत नाही. फडात लगेच उघडा पडतो.

याहून मोठी किंमत मुलं देतात. पॅटर्न सिद्ध झालेला आहे असं एकदा ठरलं की हरण्याची जबाबदारी मुलावर येते. "लातूरला ठेवलं होतं, तरी नाही झालं" हे वाक्य मी नातलगांत, शेजारपाजारी अनेकदा ऐकलंय, आणि ते ऐकताना खाली मान घालून बसलेलं पोर पाहिलंय. एकर विकून खोलीभाडं आणि फी भरलेल्या बापाला तरी दुसरं काय सुचणार? त्याला जे विकलं गेलं ते एक नाव होतं. नावात कृती असती तर त्याला विचारता आलं असतं : माझ्या मुलाचे किती पेपर तपासून परत दिले? चुकलेलं कुणी समजावलं? संध्याकाळी वर्गात कोण होतं? तालमीत डाव फसला तर वस्ताद पोराला नालायक म्हणत नाहीत. कमर वर राहिली, पाठ वळली नाही, असं सांगतात. तसं सांगता येतं, कारण डावाचं नावच डावाचे भाग सांगतं.

यावर कुणी म्हणेल की हा जुन्या शब्दांचा मोह आहे, मॅटवरच्या कुस्तीत आता इंग्रजी शब्दच चालणार. त्याला माझी हरकत नाही. 'सिंगल लेग' आणि 'एकेरी पट' यांत फरक भाषेचा आहे, नाव ठेवण्याच्या रीतीचा नाही. आपण ज्याला कलाजंग म्हणतो, समोरच्याच्या खाली शिरून त्याला खांद्यांवर आडवा घेऊन टाकायचा, त्याला इंग्रजीत 'फायरमन्स कॅरी' म्हणतात : आगीतून माणूस खांद्यावर घालून आणणाऱ्या अग्निशमन जवानाची उचल. त्यांना जवान दिसला, आपल्याला धोबी. अंगमेहनतीच्या लोकांकडून डाव शिकायचा आणि नावात ते कबूल करायचं, ही रीत दोन्हीकडे एकच. लातूर जिल्ह्यातल्याच हरिश्चंद्र बिराजदार यांनी १९७० मध्ये एडिनबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक जिंकलं, तेव्हा तिथल्या पंचांना आपल्या मातीतली नावं ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. डाव मात्र त्यांना कळले.

दुसरा आक्षेप अधिक खरा आहे. धोबी गेला, मोळी गेली, घाटावरचा दगड गेला. मग ही नावं पोकळ होणार नाहीत का? होतील, आणि होताहेत. राजकारणाच्या बातम्यांत दर निवडणुकीला कुणीतरी कुणाला धोबीपछाड देतं, तेव्हा लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे ना धोबी असतो ना आखाडा. तिथे तो शब्द 'जोरात हरवलं' इतकाच उरलाय. कृतीचं नाव अमर नसतं. ते जिवंत ठेवायला कुणीतरी ओला पंचा हातात घ्यावा लागतो. पण पोकळ झालेलं कृतीचं नाव पुन्हा भरता येतं, कारण आत काय होतं ते नावावर लिहिलेलं असतं. गावाचं नाव पोकळ झालं तर त्यात पुन्हा काय भरायचं, हे कुणाला विचारणार?

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. लातूरनं शिकवण्याचे जे डाव घडवले त्यांना त्यांची स्वतःची नावं मिळायला हवीत, शिक्षकांच्या आणि मुलांच्या तोंडी रोज येतील अशी. तपासून परत दिलेल्या पेपरला एक नाव, चुकलेलं पुन्हा लिहून घेण्याला एक, संध्याकाळच्या वर्गाला एक. ती कुठल्या समितीनं ठरवू नयेत. फडाच्या कडेला बसणारेच ती ठेवतील, पूर्वी ठेवली तशी. तशी नावं असतील तर उमरग्याच्या किंवा किनवटच्या शाळेतला शिक्षकही एकेक डाव उचलून आपल्या वर्गात टाकू शकेल. पालकाला लातूरची खोली घ्यावी लागणार नाही.

निघताना त्या पोराला मी विचारलं, "काय शिकलास आज?" तो म्हणाला, "धोबीपछाड." वस्ताद मागूनच बोलले, "सांगू नको, करून दाखव." पोरगा पुन्हा मातीत उतरला आणि आधी त्यानं पाठ वळवली.