हलवायाच्या घरावर तुळशीपत्र

गडचिरोली जिल्ह्यातील एका आडवळणाच्या तालुक्यात नोकरी करणारे माझे एक स्नेही सुटीत घरी आले असता मोठ्या कष्टी मनाने म्हणाले, "पंचवीस वर्षांच्या चाकरीत कचेरीची टाचणीदेखील मी घरी नेली नाही, आणि आज माझ्याकडून चोरीबद्दल खुलासा मागविला आहे!" प्रकरण असे होते. कचेरीतील दोन जुने संगणक मोडीत निघण्याच्या बेतात होते. त्यांत लिनक्स ही विनामूल्य प्रणाली घातली तर ते आणखी काही वर्षे चालतील, या हेतूने त्यांनी ती टोरेंटच्या मार्गाने कचेरीच्याच संगणकावर उतरवून घेतली. वरिष्ठांच्या दृष्टीस तो प्रोग्रॅम पडला, आणि 'फाइलींची चोरटी देवघेव' असा शेरा कागदावर उमटला. यात आपला अपराध कोणता, हा त्यांचा प्रश्न. प्रश्न दिसावयास लहान आहे. परंतु दुसऱ्याच्या साधनाने परोपकार करण्याचा अधिकार मनुष्यास कितपत आहे, हा नीतिशास्त्रातला जुनाच प्रश्न त्यात नवा वेष घेऊन उभा आहे.

प्रथम हे साधन काय आहे ते पाहू. इंटरनेटवरील नेहमीच्या रीतीत एका मोठ्या भांडारातून प्रत्येक जण आपापली प्रत उचलून नेतो. पीअर-टू-पीअर म्हणजे बरोबरीच्यांनी आपसात देवघेव करण्याच्या रीतीत असे एकच भांडार नसते. ब्रॅम कोहेन याने 2001 साली पुढे आणलेल्या बिटटोरेंट पद्धतीत एका फाइलीचे अनेक तुकडे होतात, आणि ज्याच्या हाती एक तुकडा आला तो लागलीच तो दुसऱ्यास देऊ लागतो. प्रत्येक तुकड्याची गणिती खूण आधीच ठरलेली असल्यामुळे भेसळीचा तुकडा ओळखू येतो व टाकला जातो. आपल्या शेतकऱ्यांची सावड ती हीच. जो घेतो त्याने देतही जावयाचे.

या रीतीस दुर्लौकिक आला तो गाण्याबजावण्याच्या चोरीमुळे. 1999 साली निघालेले नॅपस्टर दोन वर्षांतच न्यायालयाच्या हुकमाने बंद पडले. परंतु अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे दोन निर्णय येथे ध्यानात घेण्याजोगे आहेत. ज्या यंत्राचा निर्दोष उपयोग पुष्कळ होऊ शकतो ते विकणारा केवळ तेवढ्यानेच दोषी ठरत नाही, असे 1984 साली व्हिडिओ रेकॉर्डरच्या खटल्यात ठरले. आणि लोकांस चोरीस उद्युक्त करणारा मात्र दोषी, असे 2005 साली ग्रोक्स्टरच्या खटल्यात ठरले. दोहोंचा मथितार्थ एकच की, दोष शोधावयाचा तो यंत्रात नव्हे, ते चालविणाराच्या वर्तनात.

निर्दोष उपयोग तरी थोडे आहेत काय? लिनक्सचे कर्ते आपली प्रणाली स्वतःच या मार्गाने वाटतात. इंटरनेट आर्काइव्ह हे ग्रंथभांडार 2012 पासून टोरेंट देत आले आहे. आपल्या 1957 च्या कायद्याप्रमाणे ग्रंथकाराच्या निधनानंतर साठ वर्षांनी ग्रंथ सर्वांचा होतो. तेव्हा 1919 साली निवर्तलेल्या हरिभाऊ आपट्यांच्या कादंबऱ्या एकमेकांस देण्यात कोणाचेही काही बुडत नाही. फार काय, विंडोज 10 पासून मायक्रोसॉफ्टच्या प्रणालीतही सुधारणांचे तुकडे शेजारच्या संगणकाकडून घेण्याची सोय आहे. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो. अशा मुलुखात इंटरनेटची तार जाड व अखंड असावी अशी अपेक्षा कोणी करावी? कचेरीत दहा संगणक असतील आणि प्रत्येकाने 4 जीबीची सुधारणा दुरून आणावयाची म्हटली, तर 40 जीबीचा भार त्या तारेवर पडतो. एकाने आणून नवांना वाटली तर 4 जीबीत भागते. येथे देवघेव हा अपराध तर नव्हेच, उलट काटकसर होय.

मग माझे स्नेही निर्दोष झाले काय? त्यांच्याच जिल्ह्यात, धानोरा तालुक्यात, मेंढा-लेखा हे गाव आहे. त्याचा इतिहास या ठिकाणी उपयोगी पडेल. 1927 च्या वन कायद्यात बांबूची गणना झाडांत केलेली होती. सरकारी जंगलातला बांबू गावकऱ्याने आपल्या मर्जीने तोडून विकला की तो गुन्हा. 2006 च्या वनहक्क कायद्याने बांबू गौण वनोपजांत घातला. 2009 साली मेंढ्यास सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. 2011 साली बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेकडे आला. बांबू तोच, कोयता तोच, तोडणारा हातही तोच. काल जे चोरी म्हणून गणले जाई ते आज हक्क म्हणून मान्य झाले. तथापि हक्क आला म्हणजे कोणीही उठावे आणि हवा तेवढा बांबू तोडावा, असे झाले नाही. ग्रामसभा बसते, सर्वांच्या संमतीने ठरते, मग कोयता चालतो. नियम सुटला नाही. नियम करणारा बदलला.

मी स्नेह्यांस विचारले, "लिनक्सच्या धन्याची संमती तुम्हांस होती, कचेरीची होती काय?" ते म्हणाले, "विचारले असते तर नाहीच म्हटले असते." "आणि प्रणाली उतरल्यावर तो प्रोग्रॅम बंद केला होता ना?" यावर ते काही वेळ गप्प राहिले. प्रोग्रॅम रात्रभर आणि दुसऱ्या दिवशी सकाळीही चालूच होता. जगातील अनोळखी माणसांस तो तुकडे पुरवीत होता. त्या सकाळी दाखल्यासाठी आलेला एक म्हातारा दुपारपर्यंत बाकावर बसून होता, कारण तार तुंबली होती आणि अर्ज पुढे सरकत नव्हता. तो आठ कोस रानातून आला होता.

हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणे म्हणतात ते हेच. या रीतीत घेण्याबरोबर देणे आपोआप घडते, ही तिची थोरवी. परंतु कचेरीच्या संगणकावर हे दान आपल्या गाठीचे नसते. शिवाय ते साहेबांच्या गाठीचेही नसते! ती तार ज्यांच्या कामासाठी ओढली, त्यांपैकी एक त्या बाकावर बसला होता. तेव्हा वस्तूच्या धन्याची संमती, यंत्राच्या धन्याची संमती, आणि ज्यांच्या सेवेसाठी ते यंत्र आहे त्यांच्या कामाला बाध न येणे, या तीन गोष्टी जमल्या म्हणजेच देवघेव न्याय्य झाली. स्नेह्यांपाशी यांतील पहिली तेवढी होती.

परंतु न्याय दुसऱ्या बाजूसही पाहिला पाहिजे. ज्या कचेरीत 'विचारले तर नाहीच म्हणतील' अशी प्रामाणिक नोकराची खात्री झालेली असते, ती कचेरी त्यास लपविण्याची सवय लावते. चोरीची फाइल आणि विनामूल्य प्रणाली यांत जो भेद करीत नाही, त्याच्या मनाईचा धाक राहतो. आदर राहत नाही. दुपारी तार फक्त अर्जांसाठी, रात्री सुधारणांसाठी, काम होताच प्रोग्रॅम बंद, असे चार ओळींचे परिपत्रक काढावयास कितीसा वेळ लागतो?

स्नेह्यांनी त्याच रात्री खुलासा लिहिला. त्यात 'मी चोरी केली नाही' हे वाक्य होते, आणि त्याखाली 'परंतु जे माझे नव्हते ते न विचारता वाटले' हेही होते. शेवटी अशा कामासाठी नियम करावा व रात्रीची वेळ ठरवून द्यावी, अशी विनंती होती. त्यावर काय हुकूम झाला ते अद्याप कळले नाही.