परतीची बांधाबांध



गेल्या महिन्यात एका रात्री मस्कतहून माझ्या मावसभावाचा फोन आला. 11 वर्षे तो तेथे विजेची कामे करीत होता. आता कायमचा घरी यायचा होता. "ताई, खोका भरायला घेतलाय. तुला काय आणू?" मी सहज म्हणाले, "एखादे चांगले अत्तर आण." तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "ताई, खोलीत आम्ही सहा जण. कोणी केरळचा, कोणी बांगलादेशचा, कोणी पाकिस्तानचा. एका पातेल्यातले जेवलो. 11 वर्षांत आडनावावरून माझी जात कोणी काढली नाही. यांना सोडताना रडू येते, आणि गावी यायचे म्हटले की पोटात गोळा येतो."

मला माझ्या अत्तराची लाज वाटली. परका देश म्हणजे स्वर्ग नव्हे, हे तोही जाणतो. भर उन्हात तो राबला आहे, आईच्या आजारपणात त्याला रजा मिळाली नाही. तरीही घरी परतण्याची त्याला धास्ती वाटावी, हा दोष कोणाचा? आज पौर्णिमेच्या निमित्ताने याच प्रश्नाचा विचार करू.

परमपूज्य बाबासाहेबांनीही अशी बांधाबांध केली होती. 1913 साली बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन ते न्यूयॉर्कला गेले आणि 1916 साली तेथून लंडनला आले. पोटाला चिमटा घेऊन त्यांनी न्यूयॉर्कमध्ये सुमारे 2,000 जुनी पुस्तके जमविली होती. ती हिंदुस्थानात पाठविण्यासाठी एका स्नेह्याच्या हवाली केली. त्यांतली काहीच त्यांच्या हाती लागली. 1917 साली शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. पहिले महायुद्ध चालू होते. स्वतः बाबासाहेब मार्सेय बंदरातून 'कैसर-इ-हिंद' या बोटीने निघाले. सामान आणि ग्रंथ दुसऱ्या बोटीने रवाना केले. ती दुसरी बोट शत्रूच्या पाणतीराने बुडविली. 21 ऑगस्ट 1917 रोजी बाबासाहेब मुंबईला उतरले, तेव्हा वर्षानुवर्षांची ती ग्रंथसंपदा समुद्राच्या तळाशी होती.

बंधूंनो, ग्रंथ बुडाले. ग्रंथांतून घेतलेले ज्ञान बुडाले काय? न्यूयॉर्क-लंडनमध्ये माणूस म्हणून ताठ मानेने चालण्याची जी सवय अंगी बाणली, ती बुडाली काय? ती कोणत्याही खोक्यात नव्हती, म्हणून कोणत्याही पाणतीराला ती सापडली नाही.

पण पुढची हकीकत अधिक कठीण आहे. लवकरच ते नोकरीसाठी बडोद्याला गेले. परदेशात आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच त्यांच्या मनातून पुसली गेली होती. बडोद्याच्या स्टेशनवर उतरताच ती पुन्हा उभी राहिली: राहायचे कोठे? पारशी नाव सांगून त्यांनी एका पारशी धर्मशाळेत आसरा घेतला. 11 व्या दिवशी काठ्या घेतलेली माणसे दाराशी आली. कोलंबिया विद्यापीठाची पदवी घेतलेला हा विद्वान सार्वजनिक बागेत बसून राहिला आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतला. 1920 साली बाबासाहेब अपुरे राहिलेले शिक्षण पुरे करायला पुन्हा लंडनला गेले. ते परदेशीच राहते तर त्यांना कोण बोल लावता? पण शिक्षण पुरे करून 1923 साली ते पुन्हा घरीच आले. ते आले म्हणून आज आपण या विहारात बसलो आहोत.

तथागतांच्या चरित्रातही घरी परतण्याचा एक प्रसंग आहे. बुद्धत्वप्राप्तीनंतर ते कपिलवस्तूला आले, ते हाती भिक्षापात्र घेऊन. राजपुत्र दारोदार भिक्षा मागतो हे पाहून शुद्धोदनाला दुःख झाले. यशोधरेने लहानग्या राहुलला वडिलांकडे वारसा मागायला पाठविले. भगवंतांजवळ ना सोने होते, ना राज्य. त्यांनी मुलाला धम्माचा वारसा दिला. दूरदेशीहून येणाऱ्याने काय आणावे, याचे याहून चांगले उत्तर मला ठाऊक नाही.

आणि निरोपाचे काय? सर्व संस्कार अनित्य आहेत, असे आपण रोज म्हणतो. मग निघताना डोळे ओले झाले तर ते चुकले काय? नाही. अखेरच्या प्रवासात वैशाली सोडताना भगवंतांनी हत्तीसारखे सगळे अंग वळवून त्या नगरीकडे एकदा पाहिले आणि पुढे चालू लागले. पाहावे, पण अडकून पडू नये. माझ्या भावाला मी हेच सांगितले: "कोणाचे उसने असेल ते फेड. आजारपणात ज्याने तुला पेज करून दिली, त्याच्याजवळ जाऊन बस. भांडी, गादी, पंखा मागे राहणाऱ्यांना दे. मग मागे वळून एकदा नीट बघ आणि ये."

परंतु उपासक-उपासिकांनो, बांधाबांध केवळ येणाऱ्याने करायची नसते. आपणही काही बांधून घराबाहेर काढायचे असते. आपला माणूस दारात आला की आपली नजर आधी खोक्याकडे जाते. माझीही गेली. त्याहून मोठा दोष सांगते, राग मानू नका. धम्मदीक्षा घेतली, भिंतीवर भगवंतांची तसबीर लावली, पण मुलीची सोयरीक जुळविताना आपण हळूच विचारतो, "मूळचे कोण?" नळावर शेजारीण कोणत्या जातीतून आली याचा हिशेब ठेवतो. जो प्रश्न मस्कतच्या त्या खोलीत 11 वर्षे कोणी विचारला नाही, तो आपल्याच ओसरीवर ऐकू येत असेल, तर त्याने घरी यायचे कोठे? गाव एका दिवसात बदलणार नाही. आपला उंबरठा आपल्या हातात आहे.

म्हणून आज एवढेच ठरवू. जो कोणी दूरून येईल, मस्कतहून किंवा मुंबईहून, त्याला आधी पाणी देऊ, शेजारी बसवू आणि "काय आणलेस?" याऐवजी "काय शिकलास?" असे विचारू. तो जी समतेची सवय घेऊन आला असेल, ती आपल्या घरात रुजू देऊ.

भाऊ पुढच्या पौर्णिमेला विहारात येणार आहे. अत्तर आणू नकोस, असे मी त्याला कळविले आहे. एका पातेल्यातले जेवण येथेही होते, हे त्याला आपण सर्वांनी मिळून दाखवू या.

नमो बुद्धाय! जय भीम!